आधी वेग की आधी लवचिकता? पाडव्याला सॉफ्टवेअर बाजारात आणतोय

अर्धविराम

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आम्ही पाच जण. पुण्यात वारज्याला दोन खोल्यांचं ऑफिस. सव्वा वर्ष एक सॉफ्टवेअर लिहितोय: टीममधली कामं, निरोप, फायली, नोंदी, सगळं एका ठिकाणी. गिऱ्हाईक म्हणजे दहा ते शंभर माणसांच्या कंपन्या, ज्यांचा कारभार आज व्हॉट्सॲपचे ग्रूप आणि 'फायनल_नवीन_२' अशा नावांच्या एक्सेल फायलींवर चाललाय. पाडव्याला बाजारात आणायचं ठरलंय. हातात सहा आठवडे.

भांडण असं आहे. माझा भागीदार म्हणतो लवचिकता महत्त्वाची. प्रत्येकाला आपापले रकाने हवे असतात. कुणाला 'जॉब कार्ड नंबर', कुणाला 'पुढची तारीख', कुणाला 'बिल गेलं का'. आम्ही तशी सोय दिलीय, हवे तितके रकाने, हव्या त्या प्रकारचे. पण त्यामुळेच ४,००० नोंदी आणि १४ रकान्यांचा तक्ता उघडायला ३.८ सेकंद लागतात. डेमोत समोरचा माणूस तेवढ्यात खिशातून फोन काढतो आणि व्हॉट्सॲप बघायला लागतो. तिथेच आमचा सौदा गेला. म्हणून मी म्हणतो, आधी वेग.

सहा आठवड्यांत दोन्ही होणार नाही. तुम्ही काय कराल?

टवाळ_टोणगा

पहिला! वेग वेग म्हणतात तो हा.

शब्दकिडा

वाचतोय.

सॅनहोजेकर

स्लॅक हे टीममधल्या गप्पांचं सॉफ्टवेअर कसं बाजारात आलं ते पाहण्यासारखं आहे. टायनी स्पेक ही कंपनी ग्लिच नावाचा खेळ बनवत होती. माणसं वेगवेगळ्या शहरांत, म्हणून त्यांनी आयआरसी या इंटरनेटवरच्या जुन्या गप्पांच्या सोयीवर कलमं करत करत स्वतःपुरतं बोलण्याचं साधन बनवलं. खेळ चालला नाही, ९ डिसेंबर २०१२ ला बंद केला. साधन उरलं. ऑगस्ट २०१३ मध्ये ते फक्त निमंत्रितांसाठी उघडलं, पहिल्याच दिवशी ८,००० जणांनी निमंत्रण मागितलं. तरी सगळ्यांसाठी दार उघडलं फेब्रुवारी २०१४ मध्ये.

त्याआधी ओळखीच्या कंपन्यांच्या हातापाया पडून वापरायला लावलं होतं. त्यात आरडिओ ही ऑनलाइन गाणी ऐकवणारी कंपनी होती. तिथे आधी मूठभर लोक वापरत होते, मग सगळी कंपनी आली, शंभरावर माणसं, आणि दहा जणांच्या टीमला जे छान वाटत होतं ते तिथे फाटलं. ते शिवत शिवत पुढे गेले. पुढे सेल्सफोर्सने २,७७० कोटी डॉलरना घेतलं तो भाग सोडा. पाडवा पाळा, पण त्या दिवशी दार किलकिलंच करा.

रंकाळ्याकाठी

सॅनहोजेकर भावा, सगळे स्लॅकचंच सांगतात. बुडालेल्याचं पण सांगा की. गूगल वेव्ह. मे २००९ ला दाखवलं तेव्हा जग येडं झालं होतं. मेल म्हणा, गप्पा म्हणा, दस्तऐवज म्हणा, सगळं एकातच. समोरचा टाइप करतोय ते अक्षर न् अक्षर दिसायचं, खोडलेलं पण दिसायचं. त्या सप्टेंबरात एक लाख निमंत्रणं वाटली. ऑगस्ट २०१० ला काम थांबवल्याचं जाहीर.

लवचिक तर इतकं होतं की नेमकं कशासाठी वापरायचं ते कुणाला सांगता येईना. आणि निमंत्रण माणसाला मिळायचं, टीमला नाही. एकट्याने तालमीत जाऊन कुस्ती कुणाशी खेळायची?

संत्रासुर

राजेहो, इतिहास नंतर. अर्धविराम, तुमच्या रकान्यांच्या किमती वेगळ्या टेबलात उभ्या रचल्या आहेत ना? एक नोंद, एक रकाना, एक ओळ? मग ४,००० गुणिले १४ म्हणजे ५६,००० ओळी आणि तक्ता दाखवायला प्रत्येक रकान्याचा एक जॉइन, म्हणजे टेबल पुन्हा पुन्हा जोडणं. डेटाबेस तुम्हाला शिव्या देऊन राहिला असेल.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून त्यात जेसनबी आहे, हवे तितके रकाने एकाच कॉलममध्ये ठेवायची सोय. नोंदीचे सगळे जादाचे रकाने एका जेसनबी कॉलममध्ये टाका, जिन इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून केलेली सूची) लावा, विषय संपला.

अर्धविराम

@संत्रासुर, अगदी तशीच रचना आहे. ओळखलंत.

मुळाक्षर

जिन इंडेक्स लावून विषय संपत नाही हो. 'बिल गेलं का = नाही' अशा नोंदी शोधायला तो कामाचा. 'पुढची तारीख' प्रमाणे क्रम लावायचा असेल तर त्याचा काही उपयोग नाही, त्या रकान्यासाठी वेगळा इंडेक्स हवा. आणि रकाना कुठला ते गिऱ्हाईक ठरवणार, म्हणजे आधी माहीत नाही. आम्ही हे भोगलंय.

संत्रासुर

मुळाक्षर, ४,००० नोंदींचा क्रम मेमरीतही लागते बे. तिथे इंडेक्स कशाले पाहिजे?

मुळाक्षर

आज ४,००० आहेत. गिऱ्हाईक दोन वर्षं टिकलं तर?

टवाळ_टोणगा

गिऱ्हाईक दोन वर्षं टिकलं तर त्याच्या पैशातून इंडेक्स घेऊ.

जुनाट_संगणक

पन्नास प्रतिसादांची तयारी दिसतेय आणि अजून एकानेही विचारलं नाही की ३.८ सेकंद जातात कुठे. अर्धविराम, मोजलंस का? क्वेरीला, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायला किती, तारेवर किती, ब्राउझरला किती? आणि कुठल्या मशिनवर? तुझ्या लॅपटॉपवर मोजू नकोस. गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधल्या कॉम्प्युटरवर मोज, ज्याच्या कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर आहे आणि एका बाजूला कायम टॅली उघडी असते.

दुसरं. माणसाला किती वाट बघवते हे जुनं गणित आहे. रॉबर्ट मिलरने १९६८ ला मांडलं, जेकब नीलसनने १९९३ ला पुन्हा सांगितलं. ०.१ सेकंदाच्या आत झालं तर आपण स्वतः केलं असं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचाराची तंद्री तुटत नाही. १० सेकंदांनंतर माणूस चहाला उठतो. तुझं ३.८ मधल्या खड्ड्यात आहे. तिथे माणूस उठत नाही, फोन काढतो.

अर्धविराम

काका, खरं सांगतो, नीट मोजलं नव्हतं. उद्या मोजतो.

शब्दकिडा

अवांतर: या प्रकाराला मराठीत म्हणायचं काय? 'कोलॅबरेशन सॉफ्टवेअर' म्हणताना दात हलतात. सहकारी सॉफ्टवेअर?

रंकाळ्याकाठी

सहकारी म्हटलं की पहिला प्रश्न, चेअरमन कोण. दुसरा प्रश्न, संचालक मंडळाची निवडणूक कधी. प्रवरानगरला १९५० ला राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला तेव्हापासून हा शब्द बुक झालेला आहे.

टवाळ_टोणगा

आणि लॉगिन करायला सभासदाच्या उसाची नोंद लागणार.

उकडीचा_मोदक

आमच्या गावाकडे 'सावड' म्हणतात. लावणीला आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. हिशेब तोंडी, पण कुणी विसरत नाही.

शब्दकिडा

वा! सावड झकास. आणि घाटावर 'इर्जिक'. एकाची नांगरट अडली की गावातले सगळे आपापले बैल घेऊन एका दिवसात उरकून देतात, तो त्यांना जेवू घालतो. अर्धविराम, नाव ठेवलं नसेल तर दोन्ही फुकट देतोय.

अर्धविराम

नाव ठेवलंय आणि ते इंग्रजी आहे. आता लाज वाटायला लागली.

अर्धविराम

मोजलं. हडपसरच्या एका गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये जाऊन बसलो. कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर होतं, टॅली उघडी होती, काका ज्योतिषी आहेत की काय.

क्वेरी ०.४ सेकंद. माहिती येणं आणि उलगडणं ०.७. बाकी २.७ सेकंद ब्राउझर ४,००० ओळी पडद्यावर काढत बसतो, ज्यातल्या ३० माणसाला दिसतात.

म्हणजे सव्वा वर्ष आम्ही दोघं ज्यावरून भांडतोय, त्या लवचिकतेचा वाटा फार तर अर्ध्या सेकंदाचा.

संत्रासुर

मी माझे शब्द परत घेतो. तरी जेसनबी लावाच.

मुळाक्षर

दिसतात तेवढ्याच ओळी काढा, माणूस स्क्रोल करेल तसतशा पुढच्या. एका आठवड्याचं काम.

वकीलपत्र

थांबा! तुम्ही लोक असं करता आणि आमचं कंट्रोल-एफ मरतं. आमच्या ऑफिसात एक असंच सॉफ्टवेअर होतं. एक दिवस 'जलद' झालं, आणि त्या दिवसापासून ब्राउझरमध्ये पक्षकाराचं नाव शोधलं की 'सापडलं नाही'. नाव तक्त्यात आहे, पण पडद्याच्या खाली आहे, म्हणून ब्राउझरच्या लेखी नाहीच. आमच्या क्लार्कने दोनदा 'अशी केसच नाही' म्हणून माणूस परत पाठवला.

मुळाक्षर

रास्त. मग कंट्रोल-एफ दाबल्यावर स्वतःचा शोध उघडायचा. म्हणजे शोध चांगला हवा. आठवडा आणखी एक.

लेथवाला

मी नाशिकचा, सातपूर एमआयडीसीत शॉप आहे, १८ माणसं. मी तुमचा गिऱ्हाईक. कोडमधलं काही कळत नाही, पण वेगावरून सांगतो.

आमच्याकडे नेट दिवसातून चारदा जातं. आधी एक ॲप घेतलं होतं, त्यात डिस्पॅच मार्क करायचं बटण. माणसाने दाबलं, गोल गोल फिरत राहिलं. त्याने पुन्हा दाबलं. नेट आलं आणि दोन्ही नोंदी पडल्या. ट्रान्सपोर्टवाल्याला दोन मेसेज, दारात दोन टेम्पो. माल एका टेम्पोचा. दुसऱ्याला रिकामा फेरा दिला १,४०० रुपये. तो टेम्पोवाला अजून भेटला की विचारतो, 'साहेब, आज किती पाठवू?'

मला ३.८ सेकंद चालतील. पण मी दाबलं ते दाबलं गेलं का, एवढं सांगा.

सॅनहोजेकर

लेथवाले, या धाग्यावरचा सर्वात कामाचा प्रतिसाद तुमचा.

अर्धविराम, उपाय जुना आहे. प्रत्येक बदलाला खूण फोनमध्येच द्यायची, सर्व्हरवर नाही. तोच बदल दहादा गेला तरी सर्व्हर खूण बघून एकदाच धरतो. दुसरा टेम्पो येत नाही.

मग पुढची पायरी. बदल आधी माणसाच्या मशिनवर लिहायचा, लगेच दाखवायचा, सर्व्हरला मागाहून कळवायचं. लिनिअर हे टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर चपळ वाटतं ते याचमुळे. कामांची यादी ब्राउझरच्याच साठ्यात असते, टिचकी मारल्यावर सर्व्हरची वाट बघतच नाही. पण पडद्यावर कुठेतरी 'अजून पोचलं नाही' ही खूण हवी, नाहीतर लेथवाल्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

मुळाक्षर

आणि दोघांनी एकच गोष्ट बदलली तर?

सॅनहोजेकर

फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची रीत बघ. प्रत्येक गुणधर्म वेगळा धरायचा, आणि त्या एका गुणधर्माला सर्व्हरवर शेवटी पोचलेला बदल लागू. एकाने चौकोनाचा रंग बदलला, दुसऱ्याने रुंदी, तर दोन्ही टिकतात. दोघांनी रंगच बदलला तर शेवटचा. संपूर्ण नोंद एक गठ्ठा धरून चालायचं नाही.

उकडीचा_मोदक

हे मला कळलं! आमच्या मंडळाच्या महाप्रसादाला व्हॉट्सॲपवर यादी फिरते. 'खाली आपलं नाव जोडा आणि पुढे पाठवा'. १. पोळ्या: जोशी काकू. २. मसालेभात: मी. मग मी सातवी ओळ जोडते, त्याच मिनिटाला समोरच्या इमारतीतल्या वहिनीही सातवीच जोडतात. पुढची माणसं वहिनींचा मेसेज पुढे नेतात. माझी ओळ गायब. गेल्या वर्षी ४० माणसांना कोशिंबीर नव्हती, कारण कोशिंबीर माझ्या सातव्या ओळीत होती.

जुनाट_संगणक

मोदकबाई, या विषयावर १९८९ पासून संशोधनाचे निबंध पडलेत, एलिस आणि गिब्ज यांच्यापासून. त्यांना ही कोशिंबीर मिळायला हवी होती.

वकीलपत्र

रंग आणि रुंदी ठीक. मजकुराचं काय? आमच्या दाव्याच्या मसुद्यात दोन ज्युनिअर एकाच वेळी लिहितात. एकदा 'पक्षकार' चा 'पक्कार' झाला होता. दोघंही शपथेवर सांगतात आम्ही असं टाइप केलं नाही.

अर्धविराम

बाई, दोघंही खरं बोलतायत! कागदावर 'पक्ष' लिहिलेलं होतं. मशिनच्या लेखी ती चार चिन्हं: प, क, हलंत, ष. एकाने बॅकस्पेस दाबला तेव्हा अख्खा क्ष जात नाही, फक्त ष जातो. त्याच क्षणी दुसऱ्याने पुढे 'कार' जोडलं. दोघांचे बदल एकत्र: प, क, हलंत, क, आ, र. पक्कार.

आम्ही मजकुरासाठी वायजेएस ही तयार लायब्ररी वापरतो. ते बदल बिनचूक एकत्र करतं, कुणाचं काही हरवत नाही. पण जोडाक्षर ही एकच गोष्ट आहे हे त्याला कुणी सांगायचं? आमच्याकडेही हा घोटाळा होणार. लिहून ठेवतो.

टवाळ_टोणगा

पक्कार हा शब्द मी उद्यापासून वापरणार आहे. 'हा माझा जुना पक्कार.'

गियरबॉक्स

मीच तो भागीदार. आज धागा सापडला. घरातलं भांडण चावडीवर आणल्याबद्दल आभार.

माझी बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. वेग नसेल तर डेमोत गिऱ्हाईक जातं हे मान्य. पण लवचिकता नसेल तर ते तिसऱ्या महिन्यात जातं, आणि सांगून जात नाही. 'जॉब कार्ड नंबर' ला जागा नाही म्हणून माणसं तो शेऱ्यात लिहायला लागतात. मग शेऱ्यात शोधता येत नाही म्हणून बाजूला एक्सेल उघडतात. एक्सेल उघडलं की आपण संपलो.

नोशन या नोंदी आणि तक्त्यांच्या सॉफ्टवेअरचं बघा. २०१५ मध्ये पैसे संपत आले, आधीचा पायाच डळमळीत होता. इव्हान झाओ आणि सायमन लास्ट यांनी माणसं कमी केली, सॅन फ्रान्सिस्को सोडून क्योटोला गेले आणि सगळं नव्याने लिहिलं. पण 'सगळं ठोकळ्यांतून रचता येईल' ही कल्पना सोडली नाही. लवचिकता हाच त्यांचा माल होता. वेगावर काम ते नंतरची कित्येक वर्षं करत राहिले.

रंकाळ्याकाठी

क्योटोला जायला पैसे लागतात. वारज्याहून फार तर भोर.

जुनाट_संगणक

गियरबॉक्स, मुद्दा पटला. एक विचारू? गिऱ्हाइकांनी आजवर केलेल्या रकान्यांत किती प्रकार वापरलेत? तुम्ही दिलेत किती?

गियरबॉक्स

दिलेत १४ प्रकार. वापरलेले बघून सांगतो.

गियरबॉक्स

बघितलं. मजकूर, आकडा, तारीख, माणूस, आणि यादीतून एक निवडा. बस. सूत्राचा रकाना, ज्यावर मी अडीच महिने घातले, तो एकाने वापरलाय. तो एक म्हणजे मी, चाचणीसाठी.

संत्रासुर

तुमचं दुःख समजू शकतो, राजेहो. बसा जरा.

अर्धविराम

ठरलं ते लिहितो. पाच प्रकार ठेवले, नऊ पडद्यामागे. कोड काढला नाही, गियरबॉक्सच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. दिसतील तेवढ्याच ओळी काढायच्या, कंट्रोल-एफला आपला शोध. बदलाची खूण फोनवर, शेजारी लहान घड्याळ, पोचलं की बरोबरची खूण. डेटाबेसची रचना आत्ता हलवायची नाही. संत्रासुर, रागावू नका, सहा आठवड्यांत पाया खणला तर पाडव्याला गुढी खड्ड्यात उभारावी लागेल.

पाडव्याला तीनच कंपन्यांना द्यायचं. लेथवाले, तुम्ही येता का?

लेथवाला

येतो. टेम्पो एकच पाठवा.

लेथवाला

पाडव्याआधीच दिलंत, ते दहा दिवस वापरतोय. तक्ता आता दाबला की उघडतो, पोरं पण म्हणाली. नेट गेलं तरी घड्याळ दिसतं, तेवढं बास.

एक तक्रार. आमच्यात तीन पाळ्या. सुपरवायझर नोंद लिहितो, 'दुसऱ्या पाळीत टूल तुटला'. मी ऑफिसातून 'दुसऱ्या पाळीत' असं शोधतो, काहीच सापडत नाही. नुसतं 'पाळीत' शोधलं की सगळं येतं. त्यात 'दुसऱ्या' डोळ्यांसमोर लिहिलेलं आहे!

अर्धविराम

तुम्ही पाठवलेले दोन्ही शब्द उलगडून बघितले. डोळ्यांना एक, आत वेगळे. तुमच्या कॉम्प्युटरवरून ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं आणि त्याला हलंत. सुपरवायझरच्या फोनवरून साधा र, हलंत, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. चित्र तंतोतंत सारखं, युनिकोडच्या (कॉम्प्युटरमधल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या) लेखी दोन निराळ्या गोष्टी, आणि नेहमीचं प्रमाणीकरण लावूनही त्या एक होत नाहीत. 'ॲप' चंही तेच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, पण अजून कित्येक कीबोर्ड अ वर वेगळी चंद्रकोर ठेवून तो बनवतात.

शोधाआधी दोन्ही बाजू एका रूपात आणायचं लिहिलंय. रात्री चढवतो.

शब्दकिडा

आणि आपण तीन पानं वेगावर बोललो.

लेथवाला

आता 'दुसऱ्या' सापडतंय. पण 'दुसरी' टाकलं तर 'दुसऱ्या' येत नाही.

अर्धविराम

शब्दाची सगळी रूपं एकमेकांना जोडायची म्हणजे मोठं काम आहे हो. ते पाडव्यानंतर.

टवाळ_टोणगा

कुठल्या पाडव्यानंतर ते लिहून घ्या, लेथवाले. दिवाळीतही एक असतो.